सांध्यांतला मोथा

ह्यांना लकवा मारला तेव्हा आमची मोहगावच्या रस्त्यावरची संत्र्याची बाग नुकती फळावर आली होती. उजवा हात, उजवा पाय गेला, जीभ जड झाली. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, रोज चालवा, पाय एकदा आखडला की कायमचा गेला समजा. सांगायला काय जातं त्यांचं. आमच्या सौंसरच्या घरासमोर सगळी काळी माती. पावसाळ्यात धडधाकट माणसाची चप्पल तिच्यात रुतते, तिथे हे काठी टेकवणार कुठे?

म्हणून अंगणात फरशा घातल्या. त्या काळी सिमेंट मिळायची मारामार, तेव्हा गवंड्याने खाली मुरूम चोपला, फरशा मांडल्या आणि सांधे वाळूमातीने भरून दिले. उन्हाळाभर हे माझ्या खांद्याला धरून दारापासून गायीच्या गोठ्यापर्यंत जायचे आणि परत यायचे. पाय ओढतच टाकायचे, पण टाकायचे. जेठ महिना सरता सरता माझा खांदा सोडून नुसत्या काठीवर जाऊ लागले. मला वाटलं, आता हा माणूस उभा राहतो.

श्रावणात सांध्यांतून मोथ्याचं गवत वर आलं. मोथा म्हणजे काय चीज आहे हे ज्याने उपटला त्यालाच माहीत. वरून ओढलं की पातं हातात येतं आणि गाठ खाली मजेत बसलेली असते. त्याच्या जोडीला हरळी, केना. फरशांच्या कडा उचलल्या गेल्या, मधेमधे शेवाळ धरलं. ह्यांचा उजवा अंगठा जमिनीवरून उठतच नव्हता, तो नेमका त्या कडेला अडायचा. मी सकाळ-संध्याकाळ खुरपं घेऊन बसू लागले. भाताची उकळती पेज ओतली. शेजारणीने सांगितलं म्हणून मीठ भरलं, तर दुपारच्या सरीने ते धुऊन नेलं. औषध मारावं तर वासरू अंगणातच बांधलेलं, जे दिसेल ते चाटणारं. माझ्या नखांत माती, कमरेत कळ, आणि पुढच्या आठवड्यात तिथेच हिरवंगार. रडू यायचं मला. खरं सांगते, त्या गवताला मी तोंडाने शिव्या द्यायची.

आणि रोज पहाटे सासूबाई त्यावर शेणाचा सडा टाकायच्या.

फरशीवर सडा कशाला, असं कोणी विचारलं नाही. मीही नाही. मातीच्या अंगणात टाकत होत्या, तसाच फरशीवर टाकत राहिल्या. एक दिवस मोथ्याचा एक गड्डा मुळासकट वर आला, तर त्याच्या तंतूंत शेणाचा काळा, मऊ गोळा. दुसरा काढला, त्यातही तेच. एक बाई खत घालत होती आणि दुसरी गवत उपटत होती, आणि दोघींचा जीव एकाच माणसात अडकलेला.

मी सासूबाईंना ते मूळ दाखवलं. सडा थोडे दिवस बंद करू म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. घरात कोणी गेलं की त्या सकाळी सडा पडत नाही, हे आमच्याकडे लहान पोरालाही कळतं. त्यांचा एकुलता एक मुलगा आत खाटेवर होता. "ज्याच्या दारात सडा नाई, त्याच्या घरात काय झालं हे कोनाले सांगा लागत नाई," एवढं म्हणून त्या बादली घेऊन गोठ्याकडे गेल्या. माझा संताप झाला, आणि मी पुन्हा खुरपं घेऊन बसले.

पोळ्याच्या आधी हे पडले. कडेला अंगठा अडला, काठी सुटली, कपाळ फुटलं. मी आणि सासूबाईंनी मिळून त्यांना उचललं. त्यानंतर त्यांनी चालायचं नावच टाकलं. काठी पुढे केली की डोळे मिटून घ्यायचे. गुडघा हळूहळू वाकडा होत चालला होता आणि मला तो दिसत होता. मग मात्र मी सासूबाईंना सोडलं नाही. तुमच्या सड्याने त्यांचा पाय घेतला, असं तोंडावर बोलले.

दुसऱ्या दिवशी अंगण कोरडं होतं. सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या, हात मांडीवर. मला बरं वाटलं, लपवत नाही. मी दार उघडलं, ह्यांना उशीला टेकवून बसवलं आणि चहा आणायला वळले. ते बाहेर बघत होते. बराच वेळ बघत होते. मग त्यांची ती जड जीभ हलली.

"आई, सडा नाई टाकला? मी गेलो समजून राहिली का?"

ह्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी येत होतं आणि ते पुसायला हात उचलत नव्हते.

सासूबाई उठल्या. त्यांनी शेण कालवलं आणि गोठ्यापासून दारापर्यंत सडा टाकला, हात न आखडता. मी मधे पडले नाही. ऊन वर येऊन अंगण वाळलं तेव्हा मी काठी पुढे केली आणि ह्यांनी ती धरली. सासूबाईंनी त्यांना उजव्या बगलेतून आधार दिला. मी खुरपं घेऊन खाली बसले आणि त्यांच्या पुढे पुढे सरकत शेणातला मोथा उपटू लागले. उद्या पुन्हा येणार होता तो, मला माहीत होतं. त्यांचा पाय माझ्या मागून फरफटत येत होता. मी मान वर केली नाही, पुढचा सांधा उकरायला घेतला.