बाईंच्या पत्र्यावरचा भोपळा

आमच्या चर्चच्या मंडळीनं एका म्हाताऱ्या बाईला फसवलं. मरेपर्यंत राहायला खोली देतो म्हणून शब्द दिला, आणि पाळक बदलल्यावर ती खोली काढून घेतली. तो शब्द मी मिळवून दिला होता, त्याची किंमतही मीच चुकती केली होती, म्हणजे फसवणूक माझीही झाली. पण माझं सोडा. मी भंगारवाला आहे, फसायची आणि फसवायची मला सवय आहे. बाईंना नव्हती.

गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर भांडण कागदावर जाईल, आणि मला ते समोरासमोर करायचं आहे. शिरूर आणि दौंड यांच्या मधल्या ऊसपट्ट्यात, रस्त्यापासून जरा आत, आमचं मेथडिस्ट मंडळीचं छोटं दगडी चर्च आहे. रेल्वेतून रिटायर झालेली काही माणसं, कुरकुंभच्या कंपन्यांत शिफ्टला जाणारी काही पोरं, शाळामास्तर, नर्सबाई आणि मी. माझं गोडाऊन शिरूरला आहे. हातगाडीपासून सुरुवात केली, आता दोन टेम्पो आहेत. कुणी दिलेलं नाही, सगळं भाव करून मिळवलेलं आहे.

चर्चच्या मागे पत्र्याची एक खोली आहे. तिथे आमच्या बायबलबाई राहायच्या. बाहेरच्या वाचकाला सांगायला हवं की बायबलबाई म्हणजे पाळक नव्हे. ती उपदेश करायला वेदीपाशी उभी राहत नाही. ती एसटीनं वाड्यावस्त्यांवर जाते, बायकांबरोबर बसते, गाणी शिकवते, सही शिकवते, बाळंतिणीच्या उशाशी प्रार्थना करते, मयताच्या घरी चहा करते. आमच्या बाई दर आठवड्याला शिरूरलाही यायच्या. लग्न केलं नव्हतं. पगार जेमतेम. राहायला ती खोली, आणि खोलीच्या पत्र्यावर दर पावसाळ्यात चढवलेला भोपळ्याचा वेल.

मला चर्चमध्ये आणलं ते बाईंनीच, आणि तेही वचन सांगून नाही. चर्चचं जुनं लोखंडी गेट मोडीत काढायचं होतं म्हणून मी काटा घेऊन गेलो होतो. आमच्या धंद्यात काट्याला खालून गुडघ्याचा आधार दिला की वजन कमी भरतं. बाई शेजारी उभ्या होत्या. कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, “गुडघा काढ खालनं. गेट काय तान्हं पोर हाय व्हय, मांडीवर घ्यायला?”

मी तापलो. “बाई, तुम्ही प्रार्थना करा, वजन मी करतो.”

“दोन्ही मीच करते. आन् गुडघा टेकायचाच असंल तर रविवारी ये.”

त्या दिवशी भाव त्यांनी ठरवला. मला तोटा झाला नाही, पण नफाही झाला नाही, आणि असं माझ्याशी तोवर कुणी केलं नव्हतं. रविवारी मी गेलो. नुसतं बघायला गेलो होतो, ही बाई तिथे काय भावानं बसते ते.

पुढे मी कापणीच्या सणाचा लिलाववाला झालो. आमच्यात पीक निघालं की पहिलं फळ चर्चमध्ये आणतात. उसाची मोळी, ज्वारीची कणसं, लिंबाची परडी, एखादा कोंबडा, घरी केलेला केक. उपासना झाली की अंगणात लिलाव होतो आणि ते पैसे चर्चला जातात. लिलाव पुकारायला आवाज लागतो आणि तोंड लागतं, माझ्याकडे दोन्ही आहेत. वस्तू घेणारा पुष्कळदा पैसे देऊन म्हणतो, “मंडळीला परत.” मग तीच वस्तू पुन्हा लिलावाला येते. सगळ्यात शेवटी यायचा बाईंचा भोपळा. तो कुणी घरी नेतच नसे. एकानं घेतला की “मंडळीला परत”, दुसऱ्यानं घेतला की “मंडळीला परत”. बाई पायरीवर बसून ओरडायच्या, “अरं कुणीतरी खा त्याला! शिळा व्हायला लागलाय.” शेवटी तो कापून मंडळीच्या जेवणात पडायचा.

एका उन्हाळ्यात वळवाच्या वाऱ्यानं चर्चवरचे पत्रे उडाले. तेव्हाचे पाळकसाहेब शिरूरला माझ्या गोडाऊनवर आले. शांत माणूस, चपला बाहेर काढून आत आले, भंगाराच्या दुकानात. कुरकुंभच्या एका शेडचे चांगले जाड पत्रे मी नुकतेच उतरवून आणले होते. त्यांनी भाव विचारला.

मी म्हणालो, “पैसे नकोत.”

“मग?”

“बाईंची खोली.”

“ती त्यांचीच आहे की.”

“आज आहे. त्या थकल्या की? मरेपर्यंत ती त्यांची राहायची. कमिटीनं बाहेर काढायचं नाही, कुणीच काढायचं नाही. हा भाव आहे. पटला तर पत्रे आत्ता टेम्पोत टाकतो.”

ते हसले. “मामा, देवाशी सौदा करताय?”

“देवाशी कसला? तुमच्याशी. देव पत्रे घ्यायला आला असता तर त्याच्याशी केला असता.”

त्यांचे वडील बैलांच्या बाजारात उठबस करणारे. पाळकसाहेबांनी माझ्याच खांद्यावरचा टॉवेल ओढला, माझ्या हातावर टाकला आणि बाजारात व्यापारी धरतात तसा टॉवेलाखाली माझा हात धरला. तिथे बोटांनी आकडा सांगतात. आमच्या सौद्यात आकडा नव्हता, म्हणून त्यांनी पाचही बोटं धरली. तसा हात दिल्यावर लिहून मागणं म्हणजे समोरच्याच्या तोंडावर थुंकणं. मी मागितलं नाही. पत्रे गेले. ते आजही चर्चवर आहेत, गळत नाहीत.

आता आमच्याकडची रीत सांगतो. आमचा पाळक मंडळीचा नसतो, कॉन्फरन्सचा, म्हणजे सगळ्या मंडळ्यांच्या वरच्या सभेचा असतो. दरवर्षी कॉन्फरन्स भरते, शेवटच्या दिवशी बिशपसाहेब उभे राहून नेमणुका वाचतात. अमुक पाळक अमुक गावी. ते वाचून होईपर्यंत पाळकाच्या बायकोलाही ठाऊक नसतं की पोरांची नावं कुठल्या शाळेत घालायची. यंदा आमच्या पाळकसाहेबांचं नाव दूरच्या एका गावासमोर वाचलं गेलं. निरोप समारंभ झाला, शाल झाली, फोटो झाला. बाईंनी त्यांना शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. त्यांच्या जागी तरुण पाळकसाहेब आले. गिटार वाजवतात, मुलांत मिसळतात. माणूस वाईट नाही, हे मी रागातसुद्धा लिहितो.

पावसाळ्यातल्या एका रविवारी सेक्रेटरी सूचना वाचायला उभे राहिले. रेल्वेतून रिटायर झालेले, गाडीची वेळ सांगावी तशा सूचना वाचतात. महिला मंडळाची सभा बुधवारी. पुढच्या महिन्यात मुलांच्या शब्बाथ शाळेची परीक्षा. कापणीच्या सणाची वर्गणी लवकर द्यावी. नाताळच्या गाण्यांचा सराव सुरू होईल. आणि त्याच सुरात, “आपल्या बायबलबाई या महिन्याअखेर सेवानिवृत्त होत आहेत. त्यांच्या खोलीत तरुण संघाचा संगीतवर्ग सुरू होईल. निरोपाला सर्वांनी डबे घेऊन यावं. आता आपण गीत गाऊ.”

बाई पुढच्या बाकावर होत्या. त्यांना ते तिथेच कळलं, आम्हाला कळलं त्याच वेळी. त्यांनी गीताचं पुस्तक मिटलं, पिशवीत ठेवलं, परत काढलं आणि पान शोधायला लागल्या.

मी उभा राहिलो. “थांबा! गीत नंतर. खोली कुणी दिली तुम्हाला?”

सगळी मंडळी मागे वळली. बाईंनी मात्र मागे न वळता म्हटलं, “बस खाली. उपासना चालू हाय.”

मी बसलो. त्याचा मला अजून राग येतो.

उपासनेनंतर तरुण पाळकसाहेबांना दारातच गाठलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मामा, मला खरंच यातलं काही माहीत नव्हतं. सेवा संपली की खोली सोडायची, असं कमिटीनं सांगितलं. बाईंचे भाचे आहेत ना कुरकुंभला?”

“भाचे आहेत म्हणून शब्द मोडायचा?”

“मी शब्द दिलेला नाही.”

“त्या खुर्चीनं दिलाय.”

सेक्रेटरी मधे पडले. “ओ मामा, मिनिट्समध्ये कुठं आहे? तुम्ही तर खिळ्याची पावती घेता. इथं का नाही घेतली?”

लोक हसले.

जुन्या पाळकसाहेबांना फोन लावला. पहिल्यांदा म्हणाले, कमिटीला तोंडी सांगितलं होतं. मग म्हणाले, “मामा, पुढच्या वर्षी मी कुठल्या गावात असेन ते मला माहीत नाही. मी कुणाला जन्मभराची खोली कुठून देणार होतो? हात दिला तेव्हा हे सुचलंच नाही.”

मी त्यांना खूप बोललो. त्यांनी ऐकून घेतलं. त्यामुळे आणखी वाईट वाटलं. भांडायला निदान समोरच्यानं उलट बोलायला हवं.

बाईंना मी माझ्या घरी चला म्हणालो. त्या नको म्हणाल्या. “तुझ्या घरात आधीच एक ओरडणारा हाय.” मग गंभीर झाल्या. “आन् तुझ्याकडं आले की समदे सुटले. सोय झाली म्हणतील. मला सोय नको होती रे. मला माझी खोली पाहिजे होती.”

निरोपाच्या दिवशी सामान मीच टेम्पोत टाकलं. एक पत्र्याची पेटी, स्टोव्ह, बाज, कुंडीतली तुळस. टेम्पोत चढताना त्यांनी विचारलं, “भाडं किती घेशील?”

“तुम्ही म्हणाल ते.”

“असा कसा रं तू भंगारवाला? भाव तरी कर.”

मला करता आला नाही. चर्च मागे गेलं, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, “वेलाला फुलं धरलीत. पाणी घालायला सांग कुणाला तरी.”

कुरकुंभला भाच्याची एक खोली आहे, चाळीत. भाचा कंपनीत रात्रपाळीला. दिवसभर तो झोपतो, म्हणून दिवसभर दार लोटलेलं आणि पडदा ओढलेला. हवेत केमिकलचा वास, सरावलेल्यांना तो येत नाही. मी भेटायला गेलो तेव्हा बाई बाजेवर बसून गात होत्या. ओठ हलत होते, आवाज नव्हता. चार गावच्या बायकांना गायला शिकवणारी बाई भाच्याची झोप मोडू नये म्हणून बिनआवाजाचं गात होती. मी आत गेल्यावर त्यांनी तोंडावर बोट ठेवलं आणि आम्ही दोघं कुजबुजत बोललो. मला कुजबुजता येत नाही, हे त्यांना माहीत आहे. भाच्यानं दोनदा कूस बदलली.

“कापणीच्या सणाला टेम्पो घेऊन येतो,” मी म्हणालो.

“पाव्हणी म्हणून येऊ?”

“लिलावाला या. मी पुकारणार आहे.”

“न्हाई. माझ्या पायरीवर मी न्हाई बसायची, दुसऱ्यानं बस म्हटल्यावर.” थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, “पाणी घालतंय का कुणी?”

मी हो म्हणालो. मला माहीत नव्हतं.

पाणी कुणी घातलं नसेल, पण पाऊस झाला होता. परवा कापणीचा सण झाला. अंगणात नेहमीसारखी मोळी, कणसं, लिंबं, केक. मी पुकारत होतो, लोक हसत होते. सगळं संपत आलं आणि तरुण संघाच्या पोरांनी शिडी आणली, पोरं खोलीवर चढली, आणि टाळ्यांच्या गजरात भोपळा खाली घेऊन आली. “बाईंचा भोपळा! बाईंचा भोपळा!” तरुण पाळकसाहेब प्रेमानं म्हणाले, “मामा, शेवटचा लिलाव. बाईंच्या आठवणीत.”

आठवणीत. बाई कुरकुंभला जिवंत बसल्यात.

कुणाच्या मनात वाईट नव्हतं, हे मला तेव्हाच दिसलं. त्यांना खरंच आनंद झाला होता. खोली काढून घेतली आणि तिच्या छपरावरचं फळ देवाला वाहायला आणलं, यात काही चुकतंय, हे त्या अख्ख्या अंगणात एकालाही वाटलं नाही. सेक्रेटरींनी पहिली बोली लावली. मी भोपळा हातात घेतला. आत खोलीत कुणीतरी की-बोर्ड वाजवून बघत होतं.

मी ती बोली पुकारलीच नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. लोकांना वाटलं मी गंमत करतोय. मग मी म्हणालो, “हा मंडळीला परत द्यायचा नाही. हा ज्यांचा आहे त्यांना परत द्यायचा आहे. लिलाव संपला.”

“मामा, चर्चचं नुकसान कशाला करता?” कुणीतरी म्हणालं.

“पत्रे उतरवून नेतो मग. चालेल?”

मी भोपळा घेऊन निघालो, पण कुरकुंभला गेलो नाही. बाई विचारतील, कसला रे हा, आणि मला सांगावं लागेल. तो शिरूरला माझ्या गल्ल्याशेजारी पडून आहे. गिऱ्हाइकं विचारतात, विकायचा का? मी सांगतो, नाही.

वर्ष फिरलं की पुन्हा कॉन्फरन्स भरेल. बिशपसाहेब उभे राहून नेमणुका वाचतील, पाळक इकडून तिकडे होतील, नवीन शाली, नवीन फोटो. मी तिथे भोपळा घेऊन जाणार आहे. बिशपसाहेब, नेमणुका वाचायच्या आधी मला एवढं सांगा. जुने पाळक म्हणतात, मी आता तिथे नाही. नवे म्हणतात, मी दिला नाही. कमिटी म्हणते, लिहिलेलं नाही. पाळक बदलतो तेव्हा त्यानं दिलेला शब्द तुम्ही कुणाच्या नावावर लावता? बाईंची खोली कुणाकडून मागायची? मला कारण नको, प्रार्थना नको, चहापाणी नको. मला त्या माणसाचं नाव पाहिजे, आणि तो माणूस माझ्यासमोर नाही, कुरकुंभच्या त्या बाजेसमोर उभा राहिलेला पाहिजे.