अमावास्येची भाकर

आबा, माझे आजोबा, गेले आणि मी मारुतीला हात जोडायचं सोडलं. इतर देवांशी माझं भांडण नव्हतं, या एकाशीच होतं. मोताळा तालुक्यातल्या आमच्या गावात पाराला लागून त्याचं छोटं देऊळ आहे; एका अंगाला माझ्या वडिलांचं घर, दुसऱ्या अंगाला काकांचं. लग्न होऊन जळगावला गेल्यापासून दर शनिवारी मी तिथल्या मारुतीला तेल वाही, पण मनात हाच मारुती असे आणि मागणं एकच असे, माझ्या आबांना काही कमी पडू देऊ नको. आबांच्या तेरवीला शेजारच्या शांतामावशींनी मला बाजूला घेऊन जे सांगितलं, त्यानंतर ते सगळं तेल वाया गेलं असं मला वाटलं.

आबा म्हणजे घरातलं शेवटचं माणूस जेवल्याशिवाय पाटावर न बसणारे. सुना जेवल्या का, गडी जेवला का, गोठ्यात वैरण पडली का, हे विचारून झाल्यावर त्यांचा पहिला घास. मुलं वेगळी निघाली तेव्हा शेत वाटलं, विहिरीचं पाणी वाटलं आणि आबाही वाटले गेले. महिनाभर आमच्याकडे, महिनाभर काकांकडे. पाळी अमावास्येला बदलायची. त्या दिवशी आबा सकाळीच कपड्यांची पिशवी घेऊन निघत आणि पारावर बसून राहत. या घराला वाटे तिकडे जेवतील, त्या घराला वाटे इकडून जेवून निघाले असतील. दिवेलागणीला कोणीतरी हाक मारली की उठत. कोणी विचारलंच तर म्हणत, "जेवलो." फोनवर मलाही तेच सांगत, "जेवलो माय," आणि मी समाधानाने दुसरं काही बोलायला लागे. शांतामावशी म्हणाल्या, "पोरी, म्हातारा दिवसभर पान्यावर काढे." आणि हे सगळं मारुतीच्या डोळ्यांसमोर. तेरवीला बुंदीच्या पंगती उठत होत्या, बाबा आणि काका आग्रह करकरून वाढत होते, आणि मला त्या दोघांचा आणि त्या शेंदूर फासलेल्या देवाचा सारखाच राग आला होता.

मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आमच्याकडे त्या दिवशी घागर भरतात आणि गेलेल्या माणसाच्या नावाने एखाद्या वयस्क माणसाला पितर म्हणून जेवू घालतात. तो जेवला म्हणजे आपला माणूस जेवला. तोवर घरात कोणी घास घ्यायचा नाही. आबांची पहिलीच आखाजी, म्हणून मी माहेरी गेले होते. थोरल्याचं घर म्हणून स्वयंपाक आमच्याकडे होता. पुरणपोळी, आमरस, कुरडया, आबांना आवडणारी कढी. काका-काकू नवे कपडे घालून आले. ताट वाढलं, पाट मांडला, उदबत्ती लावली, आणि पाट रिकामाच.

"काऊन, मानूस सांगतला होता ना?" बाबांनी काकांना विचारलं.

"मले वाटलं तुम्ही सांगतला असन," काका म्हणाले.

या घराला वाटे तिकडे, त्या घराला वाटे इकडे, शांतामावशींनी सांगितलेलं तेच पुन्हा घडलं होतं, फक्त आता आबा नव्हते. गावातले म्हातारे केव्हाच ज्याच्या-त्याच्या घरी पितर होऊन बसले होते. मला हसू आलं, चांगलं हसू नव्हे ते. मनात म्हटलं, मेल्यावरसुद्धा उपाशीच ठेवलंत. बाबा माणूस शोधायला बाहेर पडले, मी मागोमाग गेले.

पारावर मेहबूबचाचा नालबंद बसले होते. बैलांच्या खुरांना नाल ठोकणारे. अमावास्येला बैल जुंपत नाहीत, म्हणून दर अमावास्येला ते गावात येत. आबा गेले त्याच सुमारास बैलाच्या लाथेने पाय मोडल्यामुळे मधे बरेच महिने घरीच होते. आखाजीला बैल मोकळे असतात म्हणून आज आले होते. बाबांना पाहून त्यांनी विचारलं, "आबाजी दिसून नाई राह्यले?"

बाबांनी सांगितलं. चाचांनी हातातली हातोडी खाली ठेवली. मग जवळचं फडकं उघडून दाखवलं. भाकरी होत्या, वर लसणाची चटणी. "माह्या बायकोनं आजबी त्यायच्या वाट्याची बांधली," ते म्हणाले. "मी बैल पाडला का आबाजी त्याची मान धरत. एका अमावशेले त्यायचे हात कापून राह्यले होते. म्या म्हनलं, जेवले नाई तुम्ही. उपाशी मानसाचा हात मले समजते. तवापासून देवळाच्या मांगं बसून खाऊ आम्ही दोघं. पन पहिले विचारत, तुह्या घरचे जेवले का रे. आन् म्हनत, माह्या पोरायले सांगू नको, त्यायले वाईट वाटीन."

बाबा पाराच्या कडेला बसले ते उठेचनात. उठले तेव्हा त्यांनी चाचांचा हात धरून घरी आणलं. काकू पुटपुटल्या, "आपल्यातलं कोनी पाहा ना." बाबा म्हणाले, "जित्तेपनी आपल्यातल्या कोनं पाह्यलं त्यायले?" त्यांनी स्वतः चाचांचे पाय धुतले, त्यातला एक अजून सुजलेला होता. चाचा संकोचून पाटावर बसले, फडक्यातली भाकर काढून ताटात पुरणपोळीशेजारी ठेवली आणि आधी तीच मोडली. काका दाराआड जाऊन रडले. मला त्यांची कीव आली नाही. आजही येत नाही.

संध्याकाळी मी देवळात गेले. आबा देवळामागे बसून जेवत, ते समोरून कोणाला दिसायचं नाही. मलाही दिसलं नव्हतं. मी मागितलं होतं आणि ते दिलं गेलं होतं, अमावास्येच्या अमावास्येला, चटणी-भाकरीसकट. माझा हट्ट एवढाच होता की ते माझ्या घरच्यांच्या हातून मिळावं. देवाने कोणाच्या हातून द्यावं हे आपण ठरवू नये, इतकं मला त्या दिवशी कळलं. पण ते कळताना गोड लागलं नाही. कृपा आमच्या दोन्ही दारांवरून गेली, आणि दोन्ही घरांत माणसं असून ती पुढे एका नालबंदाच्या चुलीपाशी जाऊन थांबली.

मी हात जोडले. म्हटलं, तुझं तू केलंस रे बाबा. आमचं राहून गेलं.