पेलिकनच्या पोटातला थर्लो

थर्लो बेक आमच्या पाट्या बनवणाऱ्या कंपनीत छत्तीस वर्षं होता आणि त्यातली निम्मी त्याने पाट्यांच्या पोटात काढली. लास वेगासच्या या निऑनच्या पाट्या बाहेरून बघणाऱ्याला नुसता झगमगाट दिसतो. आत पत्र्याची काळोखी खोली असते, उभ्या शिड्या, कबुतरांची घाण आणि उन्हाळ्यात नुसती भट्टी. काचेची नळी बिघडली की कुणीतरी आत चढायचं असतं. ते कुणीतरी म्हणजे थर्लो.

पेलिकन कॅसिनोची पाटी १९५८ साली उभी राहिली, तेव्हा तो खाली दोर धरून होता. नव्वद फुटी पक्षी. वाळवंटात या पाणपक्ष्याचं काय काम, हे कुणी विचारलं नाही. चोच उघडी, आणि वरून लाल मासे एकामागून एक तिच्यात पडायचे. एक मासा विझला तरी थर्लोला चैन नसे. रविवारी संध्याकाळी तो बायकोला गाडीत घालून मासे मोजायला निघायचा. ती बिचारी जायचीही.

त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं वाकडी होती. ‘एव्हाना उतरला असेल’ असं समजून कुणीतरी खालून वीज सोडली होती, त्याची ती खूण. तेव्हापासून विजेच्या मुख्य पेटीचं हँडल उपसून खिशात घातल्याशिवाय तो नळीला हात लावत नसे. पण कुठली नळी फडफडते ते बघायला वीज तर लागतेच. म्हणून आमची पद्धत ठरलेली. मी, त्याचा मदतनीस, खालून वीज सोडायची, त्याने लांबून नळी हेरायची आणि पत्र्यावर दोनदा ठोकायचं. मग मी हँडल काढून बादलीत ठेवायचं आणि त्याने बादली दोराने वर ओढायची. पंधरा हजार व्होल्टचा मामला होता, त्यामुळे मी कुरकुरत का होईना, ते करायचो.

१९८३ च्या जुलैत पेलिकनचे तीन मासे एकदम बिघडले. पेटी कॅसिनोच्या मुदपाकखान्यामागे, पाटीपासून दोनशे पावलांवर. पायाखाली डांबर मऊ झालेलं. दोन मासे होईपर्यंत माझं डोकं फिरलं. मी तेव्हा चौतीस वर्षांचा होतो आणि स्वतःला फार शहाणा समजायचो. थर्लो पाणी प्यायला खाली आला, तेव्हा मी विचारलंच.

“उस्ताद, हँडल पेटीपाशीच राहिलं तर काय बिघडेल? मी आहे ना खाली.”

“तू आहेस म्हणूनच वर मागवतो, एलिसेओ.”

“एवढाही भरवसा नाही?”

“बायकोवर आहे. पण हँडल तिलाही देत नाही.”

तो हसत हसत पुन्हा चढला. मला हसू आलं नाही.

पाटीच्या खांबावर एक छोटा काचेचा डोळा होता. दिवसा दिवे लावायला पेटीतलं बटण दाबावं लागायचं, पण पेटीचं हँडल जागेवर असलं की अंधार पडताच तो डोळा आपोआप दिवे लावायचा. त्याने परत दिलेलं हँडल मी पेटीत बसवून आलो, पण तिसऱ्या माशासाठी त्यानंतर पेटीपाशी गेलोच नाही. डोळ्यावर माझी टोपी अडकवली. पेलिकन पेटला. वरून दोन ठोके आले. टोपी काढली, पेलिकन विझला. पुन्हा एक पाऊलही चालावं लागलं नाही. राहिला प्रश्न बादलीचा. तिच्यात मी हँडलच्या वजनाचा एक पाना टाकला. म्हातारा काळोखात कशाला बघत बसतोय, असं मनाशी म्हटलं. बादली वर गेली आणि दोर थांबला.

तेवढ्यात पश्चिमेकडून धुळीची भिंत आली. या दिवसांत ती येते, त्यात नवल नाही. दुपारचे तीन वाजले होते आणि इतकं अंधारून आलं की समोरचा रस्ता दिसेना. तोंडातली वाळू थुंकता थुंकता माझी नजर वर गेली.

पहिला लाल मासा चोचीत पडला. मग दुसरा.

मी हाका मारल्या. वाऱ्यात त्या मलाच ऐकू आल्या नाहीत. मग धावलो. पेटीच्या दारापुढे कुणीतरी कांद्यांची खोकी रचली होती, ती लाथेने उडवली. हँडल उपसलं आणि ते मुठीत घेऊनच परत आलो. पत्र्यावर ठोकलं. उत्तर नाही. दोर हलवला. तो नुसता हलला.

सात शिड्या होत्या. त्या चढताना ग्वादालुपेच्या मेरीमाऊलीला मी काय काय कबूल केलं ते सांगत नाही. त्यातलं निम्मंही पुढे पाळलं नाही.

वर बॅटरी मारली. थर्लो फळीवर बसला होता. दोन्ही हात मांड्यांखाली दाबलेले. नळीचं टोक त्याच्या खांद्यापासून वीतभर लांब. गुडघ्यावर माझा पाना.

“हँडल आणलंस?” त्याने विचारलं.

मी दिलं. त्याने ते शर्टाच्या खिशात घातलं, बटण लावलं आणि नळी बदलायला घेतली. त्याचा हात स्थिर होता. मी बॅटरी धरली होती. मला रडू येत होतं, पण त्याच्यासमोर लाज वाटली.

खाली आल्यावर तो घटाघटा पाणी प्यायला. मग पाना माझ्या हातात दिला.

“हा कशाला पाठवलास?”

“घाई झाली, उस्ताद. हँडल काढायचं विसरलो.”

“विसरला असतास तर बादली रिकामी आली असती.”

मी पाना ट्रकात टाकला.

त्याने कंपनीत चकार शब्द काढला नाही. तक्रार केली असती तर मला बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तो नेहमीसारखा ट्रक घेऊन दारात आला. माझ्यासाठी नेहमीसारखी कॉफी होती. ट्रकात बादली मात्र नव्हती.

पुढे नऊ वर्षं आम्ही जोडीने काम केलं. नळी हेरून झाली की तो स्वतः सगळ्या शिड्या उतरायचा, पेटीपर्यंत चालत जायचा, हँडल खिशात घालायचा आणि पुन्हा चढायचा. अडुसष्टाव्या वर्षी प्रत्येक शिडीला थांबून दम खायचा.

“उस्ताद, मी आणतो ना,” मी दर वेळी म्हणायचो.

“तू बस सावलीत,” तो म्हणायचा. आवाजात राग नसायचा.