टाकी क्रमांक तीनचा नमुना

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की खुर्चीत बसवत नाही. उठून गॅलरीत दोन-चार फेऱ्या माराव्या लागतात. चेन्नईतल्या पेरुंगुडीच्या या फ्लॅटची गॅलरी सहा पावलांची. मुलगा आतून ओरडतो, "अप्पा, आता कोणाला पकडायला निघालात?" त्याला काय सांगणार.

आम्ही तंजावरकडचे मराठी. मी आठवीपर्यंत शिकलो, तेही ढकलत ढकलत. शिपाई म्हणून भरती झालो आणि फौजदार होऊन निवृत्त झालो. मधली बहुतेक नोकरी दारूबंदी विभागात गेली. हातभट्टी, चोरून आणलेलं स्पिरिट, ताडी, सगळं पकडलं. डब्याचं झाकण उघडलं की वासावरून माल सांगायचो. साहेब लोक पदव्या घेऊन यायचे आणि शेवटी मलाच विचारायचे. त्याचा मला गर्व होता, अजूनही आहे. पण या केसमध्ये तोच गर्व आडवा आला.

त्या सुमारास सरकारने देशी वाईनला हात द्यायचं ठरवलं होतं. आपल्याच राज्यातली द्राक्षं वापरून वाईन केली तर कर अगदी कमी. वरून स्पिरिट मिसळलं तर सवलत रद्द, पूर्ण कर, आणि शिवाय फौजदारी गुन्हा. कागदावर सरळ होतं. गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत एकाने आपला लेथचा कारखाना बंद करून तिथे स्टीलच्या टाक्या उभ्या केल्या. कंबम खोऱ्यातून लॉरीने पन्नीर जातीची काळी द्राक्षं यायची. मालकाला यंत्रं कळायची, वाईन कळत नव्हती. त्यासाठी त्याने एक बाई ठेवली होती. मूळची नाशिककडची, नवरा आवडी नावाच्या उपनगरातल्या सरकारी कारखान्यात, राहायला तिथलंच क्वार्टर. रोज सकाळी आवडीहून लोकलने यायची. टाक्यांची सगळी जबाबदारी तिची.

एके दिवशी सकाळी ठाण्यात फोन आला. नाव सांगायला तयार नव्हता. "गिंडीत द्राक्षाच्या नावाखाली स्पिरिट मिसळतात. टाकी क्रमांक तीन बघा," एवढं बोलून ठेवून दिला. टाकीचा नंबरसुद्धा सांगतो म्हणजे आतला माणूस, असा मी हिशेब बांधला. दोन पंच घेतले, चार शिपाई घेतले आणि अकरा वाजता धाड घातली.

आत गेलो तर आंबट-गोड वास आणि माश्याच माश्या. कोपऱ्यात स्पिरिटचे दोन कॅन सापडले. माझे शिपाई खूश झाले. बाई पुढे आली. लहानखुरी, ॲप्रनवर जांभळे डाग.

"ते धुण्यासाठी आहे. नळ्या, झडपा त्यानेच पुसतो आम्ही. पावती देते."

"पावती सगळ्यांकडेच असते, अम्मा," माझा हेड कॉन्स्टेबल म्हणाला.

मी तीन नंबरच्या टाकीतून तीन बाटल्या भरल्या. एक प्रयोगशाळेला, एक कोर्टाला, एक राखीव. झाकणं घट्ट पिरगाळली, वर कापड, सुतळी, लाखेचा शिक्का. माझं सील म्हणजे सील, त्यातून हवा जायची नाही. बाई हात पुढे करून म्हणाली, "साहेब, थांबा. ही टाकी अजून चालू आहे. आंबणं थांबलेलं नाही. अशी बाटली बंद करू नका. त्यात थांबवायचं औषध घाला, नाहीतर बर्फात तरी न्या."

मी हसलो. "दारू चालते काय बाई? तीस वर्षं दारू पकडतोय. अजून एकही चालत आली नाही ठाण्यात."

शिपाई हसले, पंचही हसले. ती नाही हसली. म्हणाली, "निदान टाकीवरची हवेची नळी तरी बंद करू नका." ती हट्टाला पेटली तेव्हा नळीच्या तोंडाला नुसती जाळी बांधून तिच्यावर सील मारलं. बाकी झाकण, झडप सगळं सीलबंद. तिचं रजिस्टर जप्त केलं. त्यात त्या सकाळी टाकीतल्या मद्याची ताकद तिने लिहून ठेवली होती. ती जे बोलली त्यातला एक शब्दही मी पंचनाम्यात घेतला नाही. आरोपी बडबडतातच, असं मी मानत आलो होतो.

बाटल्या मुद्देमालाच्या खोलीत गेल्या. वर पत्रा, खिडकी एक, तीही सील. चेन्नईचा मे महिना. पहिली बाटली प्रयोगशाळेत पाठवली. तिथे रांग होती, तीन आठवडे लागले. अहवाल आला : रजिस्टरमध्ये लिहिलंय त्याहून ताकद कितीतरी जास्त. मी कागद टेबलावर आपटला. "मिसळलं की नाही?"

मालकाला बोलावलं. तो घामाघूम. "सार, मी लेथवाला माणूस. मला त्यातलं काय कळतं? सगळं मॅडम बघतात. काही केलं असेल तर त्यांनीच." सही करून मोकळा झाला. अशी माणसं मी पुष्कळ पाहिली. अडचण आली की मालकालाच आपला धंदा कळेनासा होतो.

मग बाईला आणलं. शेजारी महिला हवालदार बसवली. मी नेहमीसारखं तमिळमधून सुरू केलं. तिला तमिळ जेमतेम यायची, म्हणून मराठीवर आलो.

ती चमकली. "तुम्ही मराठी?"

"तंजावरकडचे. कैक पिढ्या इकडेच."

"मग बरं झालं. मराठीतच सांगते. चूक तुम्ही केलीत."

महिला हवालदाराला भाषा कळली नाही, पण माझं तोंड बघून तिने मान खाली घातली.

"जपून बोला बाई. प्रयोगशाळेचा कागद आहे माझ्याकडे."

"कागद खरा आहे. तीन आठवड्यांनंतरचा खरा आहे. साहेब, रसात साखर असते. ती आंबते तसं मद्य वाढत जातं. तुम्ही ते बाटलीत कोंडलंत, उन्हात ठेवलंत. ते बाटलीतही वाढणारच."

"आणि स्पिरिटचे कॅन?"

"धुण्याचे. किती वेळा सांगू?"

दोन तास मी तेच प्रश्न उलटेसुलटे विचारले. खोटं बोलणारा दर वेळी थोडं बदलतो, काही नवं जोडतो. ही एक अक्षर बदलत नव्हती. खरं तर तिथेच मला कळायला हवं होतं. पण मी मनाशी म्हटलं, पढवलेली आहे.

जाताना ती म्हणाली, "मला अटक केलीत तर उद्या देशातली एकही वायनरी मला दारात उभं करणार नाही. नवऱ्याला कारखान्यात काय काय ऐकावं लागेल ते वेगळंच. एवढं लक्षात ठेवा आणि मग काय ते करा."

"उद्या दहा वाजता हजर व्हा," मी म्हणालो. दहा वाजता अटक करायची असं ठरलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती दहाला आली. अटकेचे कागद तयार होते, इन्स्पेक्टर साहेब कोर्टात गेले होते, त्यांच्या सहीसाठी थांबलो. बाई बाकावर बसून होती. तास गेला, दोन गेले. बाराच्या पुढे, ऊन अगदी डोक्यावर असताना, मुद्देमालाच्या खोलीतून धाडकन आवाज झाला.

ठाण्याची लिखापढी करणारा रायटर टेबलाखाली गेला. पहारेकरी रायफल घेऊन आत धावला. "अय्या, बॉम्ब! बॉम्ब!" अय्या म्हणजे आमच्याकडे साहेब.

मी दार उघडलं. पत्र्याच्या छतापासून भिंतीपर्यंत जांभळे ओघळ. जप्त केलेली एक स्कूटर, कपड्यांची गाठोडी, सगळ्यांवर काचा आणि लाखेचे तुकडे. आणि वास! तो वास मला ओळखीचा होता. उन्हात दिवसभर राहिलेल्या ताडीच्या मडक्याचा वास तो. राखीव बाटली फुटली होती. कोर्टाची बाटली शेजारीच होती. तिचं झाकण वर फुगून लाख तडकली होती आणि कडेने बुडबुडे येत होते. चालत होती ती. माझ्या डोळ्यांदेखत चालत होती.

ताडी! सकाळी झाडावरून उतरवलेला गोड रस संध्याकाळपर्यंत डोक्यात जातो हे मला वयाच्या दहाव्या वर्षापासून ठाऊक. ताडीच्या नमुन्यात थांबवायचं औषध घालायचं, हे मी स्वतः नव्या पोरांना शिकवायचो. मग इथे का नाही घातलं? कारण ताडी म्हणजे गरिबाची, झाडाची. वाईन म्हणजे साहेबी चीज, तयार होऊनच जन्माला येते, असं माझ्या डोक्यात. स्टीलच्या टाक्या बघून मी फसलो.

रायटर काचा झाडत हळूच म्हणाला, "अय्या, उंदरांनी पाडली म्हणून लिहू या? मुद्देमाल उंदरांनीच खाल्लाय नेहमी. अहवाल आपल्याकडे आहे, केस उभी राहील."

ते खरं होतं. केस उभी राहिली असती. त्या वर्षी माझं नाव पदकासाठी वर गेलं होतं, आणि मला ते पदक हवं होतं, खोटं कशाला बोलू. मी ठाण्याच्या आवारात फेऱ्या मारत राहिलो. बाकावर ती बाई, खोलीत तो वास. थांबायचं म्हटलं तरी पाय थांबत नव्हते.

शेवटी आत येऊन मी तिचं रजिस्टर उघडलं. तोपर्यंत फक्त शेवटचं पान पाहिलं होतं. मागची पानं उलटली. रोज सकाळचा आकडा, तिच्याच अक्षरात, आदल्या दिवसापेक्षा थोडा वर. सगळे आकडे जिन्याच्या पायऱ्यांसारखे. धाडीच्या दिवशी जिना अर्ध्यावर तुटलेला.

प्रयोगशाळेच्या साहेबांना फोन लावला. "नमुन्यात औषध होतं का?" त्यांनी विचारलं.

"नव्हतं."

"मग मला कशाला विचारता?"

इन्स्पेक्टर साहेब आले तसं त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी हातातली फाइल खाली ठेवली. म्हणाले, "हे तू स्वतःहून सांगतोयस?" आम्ही त्याच दुपारी गिंडीला गेलो. टाकीवरची माझी सगळी सीलं जशीच्या तशी होती. अधिकारी, पंच यांच्यासमोर उघडून मोजलं. प्रयोगशाळेने सांगितली तेवढीच ताकद. माझ्याच सीलच्या आत, कोणी थेंबही न मिसळता, ती चढली होती. सवलतीसाठी ताकदीची जी मर्यादा होती तिच्या आतच होती, ते वेगळं.

फोन कोणी केला ते नंतर उघड झालं. परराज्यातल्या बाटल्या शहरात पुरवणारा एक जण. गिंडीचा माल कमी करात बाजारात आला असता तर याचा माल कोणी उचलला नसता. माल घ्यायचाय असं भासवून कारखान्यात येऊन गेला होता, टाकीचा नंबर तेव्हाच टिपला. त्याने मला एक बोट दाखवलं आणि मी धावत सुटलो.

मी बाईला सांगितलं, "तुम्ही सुटलात. माझी चूक झाली." हे शब्द नोकरीत मी दुसऱ्या कोणाला बोललेलो नाही.

ती म्हणाली, "तोंडी नको. लिहून द्या. मी त्या दिवशी काय सांगितलं आणि तुम्ही काय केलंत, दोन्ही."

रायटरला बाजूला करून मी स्वतः लिहिलं. माझं अक्षर वाईट आहे, अर्धा तास लागला. पदक गेलं, वर मेमो मिळाला.

पण टाकी तीन आठवडे कोणी न बघता पडून होती. आतला माल आंबट होऊन वाया गेला. मुदत उलटल्याने त्या हंगामाची सवलतही गेली. मालकाने टाक्या विकल्या आणि परत लेथ लावला. ज्या दिवशी बाईने तिथली नोकरी सोडली त्या दिवशी ती ठाण्यात आली, माझ्या कागदाची शिक्क्यानिशी नक्कल मागितली. नव्या ठिकाणी दाखवावी लागेल म्हणाली. मी दिली. चहा विचारला, नको म्हणाली.

लोक विचारतात, नोकरीने काय शिकवलं. गुन्हेगार ओळखायला शिकवलं असं मी सांगत आलो. या केसने उलटं शिकवलं. सरकार वर बसून कर कमी करतं, नवा धंदा उभा राहावा म्हणतं. पण त्या धंद्याच्या दारात शेवटी उभा राहतो तो माझ्यासारखा माणूस, जुन्या सवयी खिशात घालून. त्याने समोरच्याचं दोन मिनिटं ऐकलं तर धंदा जगतो, नाहीतर मरतो. नियम साहेबांनी चांगला केला होता. तो मी मोडला, तोही कायद्याने, लाखेचा शिक्का मारून. बाई सुटली एवढं खरं, पण तो कारखाना पुन्हा उघडला नाही.