तापाला दिलेली ऊब

आमच्या घरात हिवतापाला कुणी हिवताप म्हणत नसे. ‘आप्पांचा ताप’ म्हणत. आप्पा म्हणजे माझे वडील, एसटीत ड्रायव्हर. नव्वदच्या दशकात ते कोकणात मुक्कामाची गाडी घेऊन जायचे, आणि तिथल्याच कुठल्यातरी स्टँडवर डासानं त्यांना गाठलं. नेहमीच्या गोळ्या लागू पडल्या नाहीत. शेवटी क्विनीन दिलं. माणूस वाचला, पण कानात कायमचे रातकिडे बसले आणि डाव्या कानानं ऐकू येईनासं झालं. स्टिअरिंग सुटलं, ते डेपोच्या वर्कशॉपमध्ये पाने-पकडी सांभाळू लागले. तक्रार त्यांनी कधी केली नाही. मी जन्माची तोंडाळ, त्यामुळे त्यांच्या वाटची तक्रारही मीच करायची.

पुढं एम.एस्सी. झाल्यावर मी संशोधनाला हिवतापच घेतला, हे ओघानं आलंच. आमचे सर हातकणंगल्याहून रोज रेल्वेनं यायचे. झाडपाल्यातून नॅनोकण करायचे, ही कल्पना तेव्हा नवीन होती आणि सरांना तिनं पुरतं झपाटलं होतं. झाड मी निवडलं, किराईत. कसबा बावड्यातल्या आमच्या परड्यात आईनं ते लावलेलंच होतं. लहानपणी अंग जरा कोमट लागलं की त्याचा कडूजहर काढा नाक दाबून पाजला जाई. म्हणजे ओळख जुनी होती, प्रेम मात्र नव्हतं.

पाला धुऊन, उकळून, गाळून घ्यायचा आणि तो काढा चांदीच्या क्षाराच्या पाण्यात थेंबाथेंबानं सोडायचा. आधी रंग बिनदुधाच्या फिक्या चहासारखा. मग बघता बघता तो गडद होत जाई आणि शेवटी थेट काकवीचा रंग येई. पाण्यात विरघळलेली चांदी कण होऊन बाहेर आली, याची ती खूण. कण इतके बारीक की साध्या सूक्ष्मदर्शकाला दिसायचे नाहीत, आणि प्रत्येकावर किराइताच्या रसाचा लेप. हिवतापाचा जंतू रक्तातल्या तांबड्या पेशीत घुसून बसतो. तिथवर हे कण किराइताचा कडूपणा घेऊन पोचतील, अशी आमची आशा होती. आप्पांना हे सांगितलं तर ते म्हणाले की हुपरीचे लोक चांदीचे पैंजण करतात आणि आमची लेक चांदीची काकवी करते.

औषध तपासायचं तर जंतू जिवंत हवा. सरांनी बाहेरच्या एका संस्थेकडे बरेच हेलपाटे घालून जंतूंची एक बारकी नळी मिळवली होती. पुन्हा मिळणार नाही, असं तिथल्यांनी बजावूनच ती दिली होती. रक्तपेढीतून आणलेल्या रक्तात ते जंतू आम्ही वाढवत होतो. काचेच्या जाड बरणीत त्या रक्ताच्या बशा ठेवायच्या, शेजारी मेणबत्ती लावायची, आणि ती विझत आली की बरणीचं तोंड बंद करायचं. आतला प्राणवायू कमी झाला की जंतूंना मानवतं. ऊब मात्र माणसाच्या अंगाएवढीच हवी. एकच अडचण होती. चाचणीला सगळे जंतू एका वयाचे लागतात, आणि आमच्या बशीत बारशाचे आणि बाराव्याचे एकाच पंगतीला बसले होते. त्यातले एका वयाचे तेवढे राखायचं रसायन मागवलं होतं. ते यायच्या आधी पंचगंगा आली.

तो मोठ्या पुराचा पावसाळा होता. विद्यापीठातला आमचा विभाग उंचावर, तिथं पाणी आलं नाही, पण वीज गेली ती गेलीच. जनरेटरचं डिझेल संपलं. सर हातकणंगल्यात अडकले. फोनवर ते एवढंच म्हणाले की जमलं तर वाचव, नाहीतर आपलं काम इथंच संपलं. त्यांचा आवाज तसा मी कधी ऐकला नव्हता. मी बादलीत कोमट पाणी घेतलं, त्यात बरणी बसवली, वर टॉवेल गुंडाळले, स्पिरिटचा दिवा आणि जंतूंच्या पोषक पाण्याची बाटली पिशवीत टाकली आणि चालत बावड्याची वाट धरली. आमची गल्ली चढावर, तिथवर पाणी पोचलं नव्हतं.

मला हवा होता आमचा बंब. गडहिंग्लजहून अक्का, माझी थोरली बहीण, बाळंतपणाला आलेली होती आणि तिची मुलगी जेमतेम पंधरवड्याची. बाळ-बाळंतिणीच्या न्हाण्यासाठी बंब पेटता असायचाच. आईनं मेणबत्ती दिसणारी ती बरणी पाहिली आणि हा कुठला नवा देव, असं विचारलं. मी खरं ते सांगितलं. डासाशिवाय तो जंतू बरणीतून कुणाच्या अंगात शिरत नाही, हेही सांगितलं. आई खवळली. ज्या तापानं नवऱ्याचा कान नेला त्याला घरात आणून ऊब द्यायची, वर घरात ओली बाळंतीण, असं तिचं सुरू झालं. मीही आवाज चढवला. आमच्या दोघींचं भांडण म्हणजे गल्लीला करमणूक.

आप्पांनी उजवा कान पुढं केला, मला सगळं पुन्हा सांगायला लावलं आणि टॉवेल बाजूला सारून बरणीत डोकावले.

“ठेव,” ते म्हणाले. “त्याला मारायचं औषध काढायचं तर आदी त्याला जगवाय पायजे की.”

न्हाणीघरात तांब्याचं घंगाळ मांडलं, त्यात पाणी, पाण्यात बरणी, बरणीला टेकून थर्मामीटर. आप्पा पाट घेऊन शेजारी बसले. पारा जरा उतरला की बंबाचं एक तपेलं ओतायचे. रोज मी स्पिरिटच्या दिव्याशेजारी बसून बशांतलं जुनं पोषक पाणी काढायची, नवं घालायची, मेणबत्ती लावून बरणी बंद करायची. आपल्या नातवंडालाही आप्पांनी एवढं जपलेलं मी पाहिलं नव्हतं, असं मी एकदा म्हटलं. त्यावर त्यांनी डावा कान माझ्याकडे करून ऐकू न आल्याचं सोंग केलं.

पूर उतरेना. गॅसचं सिलिंडर येणं बंद झालं, होतं ते जेवणापुरतं राखायचं ठरलं. बंबासाठी माळ्यावरच्या कोरड्या शेण्या, आईनं उन्हाळ्यात शेण थापून बाळंतपणासाठीच राखून ठेवलेल्या. त्या झपाट्यानं संपू लागल्या. भर पावसात नव्या कुठून आणणार? एका सकाळी आईनं रोखठोक विचारलं की या शेण्यांवर एकतर पोरीचं न्हाणं होईल नाहीतर तुझी बरणी राहील, काय करायचं ते सांग. मी माळ्यावर चढून उरलेल्या शेण्या मोजू लागले.

आतल्या खोलीतून अक्काचा आवाज आला. “पोरीला ऊन फडक्यानं पुसून घिऊ. न्हाणं चार दिसांनी बी हुतंय. माझा शेक बी ऱ्हाऊ दे. तिचं ते मेलं तर परत मिळणार न्हाय.”

आमच्याकडे बाळंतिणीचा शेक आणि बाळाचं कढत पाणी म्हणजे काय, हे आमच्याकडच्या बायकांनाच कळेल. एक दिवस चुकला तर गल्लीभर चर्चा होते. अक्का लहानपणापासून माझ्या बोलण्यानं घायाळ होत आलेली. तिनं हे इतक्या सहज म्हटलं की मला न्हाणीघरात जाऊन रडावं लागलं.

आईनं मात्र एकदा मनावर घेतलं की ती हात राखून करत नाही. एका सकाळी आप्पा डेपोत अडकलेल्या गाड्या बघायला गेले आणि मी पिण्याच्या पाण्याच्या टँकरपाशी रांगेत उभी राहिले. बरणी आईच्या ताब्यात. परत आले तेव्हा दुपार झाली होती आणि न्हाणीघर वाफेनं भरलेलं होतं. पारा चाळिसाच्या वर. बाळाच्या पाण्यात घालतात तसं कोपर बुडवून आई सकाळपासून पाण्याचा अंदाज घेत होती, आणि अंगाला चटका बसल्याशिवाय ते न्हाणं कसलं, हा तिचा जन्माचा हिशोब. मी तिला नाही नाही ते बोलले. ती शांतपणे म्हणाली, “गार पडलं की मरतंय म्हणालीस. ऊन झालं की मरतंय, हे कुठं म्हणालीस?”

खरंच म्हटलं नव्हतं. मग मी गार पाणी मिसळत राहिले. संपलं सगळं, असंच मला वाटत होतं.

वीज आल्यावर बरणी घेऊन विभागात गेले. सरही मिळेल त्या वाहनानं येऊन पोचले होते. मी काचपट्टीवर रक्ताचा थेंब ओढला, रंगवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. जंतू खूपच कमी झाले होते. पण जे होते ते सगळे एकसारखे, तांबड्या पेशीत बसलेल्या नाजूक जांभळ्या अंगठ्या. कोवळे, एका वयाचे. सरांनी पाहिलं आणि ते खुर्चीतच मागं टेकले. मोठे झालेले जंतू तापलेल्या पाण्यानं मेले होते आणि कोवळे तगले होते. आजाऱ्याच्या अंगात तापही हेच करतो, सर म्हणाले. रसायनाची वाट बघत होतो ते काम आईच्या कोपरानं करून ठेवलं होतं. हे घरी सांगितल्यावर आईनं महिनाभर मला उत्तर देऊ दिलं नाही.

त्याच अंगठ्या पुन्हा वाढवून आम्ही खाने पाडलेल्या बशीत चाचणी लावली. औषध न घातलेल्या खान्यात त्या वाढल्या, फुटल्या, नव्या पेशींत शिरल्या. काकवीच्या रंगाच्या खान्यात त्या जिथल्या तिथं आक्रसून काळपट ठिपके झाल्या. पुन्हा पुन्हा लावलं, तसंच आलं. सरांनी सगळ्या विभागाला पेढे वाटले.

एका रविवारी आप्पांना तिथं घेऊन गेले. आधी जिवंत जंतूंची पट्टी दाखवली, मग ठिपक्यांची. ते डोळा लावून बराच वेळ वाकून उभे होते. मला वाटलं, त्यांना काही दिसतच नसावं.

“ह्यास्नी जगवलं मी,” ते सावकाश म्हणाले, “आणि मारलं माझ्या लेकीनं. फिटलं.”

त्या काकवीची गोळी झाली नाही. बशीपासून माणसापर्यंतची वाट फार लांबची असते, आणि चांदी अंगात जाऊन पुढं काय करते याचा उलगडा आमच्या हातून होणारा नव्हता. आमच्या कामावर पुढं कुणी आणखी थोडं काम केलं, त्यावर आणखी कुणी. त्याची मला खंत नाही. मला पदवी मिळाली, नोकरी मिळाली, आणि आप्पांना त्या तापाकडे वरून वाकून बघता आलं.

भाची आता मोठी झाली आहे आणि तोंडानं माझ्यावर गेली आहे. पुरात मला पारोशी ठेवली, असं ती मला ऐकवते. मी एरवी कुणाचं ऐकून घेत नाही. तिचं घेते. ते ऊन पाणी तिच्या वाटचं होतं.