गाडीचं तोंड

देवावर रागावू नये म्हणतात. असं म्हणणाऱ्यांना मी एकच विचारते, तुमची पोर कधी तुमच्या मांडीवर श्वासासाठी तडफडली आहे का? माझी तडफडली आहे. त्या सकाळी मी तापीकाठच्या प्रकाशा गावातल्या महादेवावर अशी काही संतापले होते की पुढ्यात असता तर हात धरून जाब विचारला असता. जे घडलं ते सांगते. त्यात चमत्कार होता की नव्हता, ते ज्याचं त्याने ठरवावं.

तेव्हा नंदुरबार जिल्हा नव्हता, नुसतं तालुक्याचं गाव होतं. आम्ही म्हसावदचे, घरी केळी आणि कापूस. सासऱ्यांनी लष्करी लिलावातली एक जुनी पिकप घेतली होती, आणि तिचं कौतुक आम्हा सुनांपेक्षा जास्त! दर शनिवारी सकाळी आंघोळ करून ते तिला ओवाळायचे. शेंदूर कुठे लावायचा यावर घरात वाद झाला, तेव्हा त्यांनीच निवाडा दिला. गाडी पेट्रोल पिते ते तिचं तोंड. देवाला नैवेद्य तोंडाशी दाखवतात, तसा गाडीचा शेंदूर तोंडाशी. झालं! ड्रायव्हरच्या दारामागे टाकीचं झाकण होतं, त्यावर तेलात कालवलेल्या शेंदराचा थर बसू लागला. गावभर सगळे त्याला गाडीचं तोंडच म्हणायचे, आणि येता-जाता हात जोडायचे.

दसऱ्यानंतर ही गाडी मधेच बंद पडायला लागली. चांगली धावत असायची, मग आचके द्यायची, आणि रस्त्यातच गप्प. आमचे हे गाडी चालवत. त्यांनी प्लग पुसले, पॉइंट घासले, कार्बोरेटर खोलून फुंकला. शहाद्याच्या मिस्त्रीने पंपाचा पडदा बदलला, दुसऱ्याने कॉइल बदलली. आणि गंमत बघा, मिस्त्रीच्या दारात ही बया अगदी शहाण्यासारखी चालायची, कारण शहाद्याला पोचलो की आधी पेट्रोल भरायला तोंड उघडलेलं असायचं. पण हे तेव्हा कोणाला कळावं? रस्त्यात बंद पडली की सासरे खाली उतरायचे, डबी काढायचे, तोंडाला शेंदराचा आणखी एक हात द्यायचे, नारळ फोडायचे. तेवढ्या वेळात ती आपोआप सुरू व्हायची. मग काय, सासऱ्यांची खात्रीच पटली! गाडी जितकी बंद पडे तितका शेंदूर वाढे, आणि शेंदूर वाढे तितकी ती बंद पडे. वाटेत ते झाकण फिरवायची कोणाची हिंमत नव्हती. पेट्रोल भरताना सासरे स्वतः उघडत तेवढंच, एरवी लावलेला शेंदूर मोडायचा नाही, असा हुकूम.

पौषात माझ्या रेवाचा घसा धरला. आधी ताप, मग घशात पांढरा पापुद्रा, मग श्वास घेताना असा आवाज की ऐकवेना. शहाद्याच्या डॉक्टरांनी पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला. घटसर्प आहे, म्हणाले, याचं इंजेक्शन माझ्याकडे नाही, आत्ताच्या आत्ता नंदुरबारच्या दवाखान्यात न्या, बैलगाडीचा विचारही करू नका. एस.टी. दुपारी होती. म्हणजे आमच्या नशिबी तीच पिकप. टाकी काठोकाठ भरली, सासऱ्यांनी वरून शेंदूर लिंपला आणि निघालो. मी पोरीला छातीशी धरून पुढे बसले. ती दर श्वासाला मान मागे टाकत होती आणि मी महादेवाला म्हणत होते, एवढं पोचव, बाकी काही मागणार नाही.

प्रकाशाला तापीच्या उतारावर, देवळाचं शिखर समोर दिसत असताना, गाडीने आचका दिला आणि ती थांबली. अगदी त्याच्या दारात! यांनी बॉनेट उघडलं, पेट्रोलची नळी सोडली, हाताने पंपाची दांडी मारली. नळीतून थेंब येईना. "पेट्रोलच येत नही शे," म्हणाले. भरलेल्या टाकीतून पेट्रोल येत नाही, हे कुणाला सांगून खरं वाटेल?

सासरे उतरले. डबी काढली. "नजर लागनी शे तिले. दम धर बेटा, आते चालू व्हई," म्हणाले आणि बोट शेंदरात बुडवलं. इकडे रेवाचे ओठ निळे पडत चाललेले. माझ्या डोक्यात काय पेटलं ते मला सांगता येत नाही. लग्न झाल्यापासून सासऱ्यांसमोर डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता, त्या दिवशी पदर कुठे गेला त्याचं भान नव्हतं. पोरीला यांच्या हातात दिलं, उतरले आणि ओरडले, "मामाजी, पोरना जीव जाई ऱ्हायना आनि तुम्ही डबडाले शेंदूर लाई ऱ्हायनात!" मग देवळाकडे वळले. माझ्या पोरीचं तोंड उघडं असून तिला श्वास मिळत नाही, आणि तुला या लोखंडाच्या तोंडाला शेंदूर हवा? लाज नाही वाटत तुला? असं खूप बोलले. सगळं लिहिण्यासारखं नाही. बोलता बोलता ते झाकण दोन्ही हातांनी पिळलं. शेंदराचा थर तडकला, झाकण सुटलं, आणि टाकीने लांबलचक श्वास आत ओढल्याचा आवाज झाला. मी तो ऐकला, पण त्याचा अर्थ लावायला डोकं ठिकाणावर हवं ना! हातातलं झाकण मी तापीत भिरकावलं. डुबुक झालं आणि गेलं.

सासरे मटकन खाली बसले. हे मात्र एका हाताने पोर छातीशी आणि दुसऱ्या हातात नळी धरून बघतच राहिले, कारण नळीतून पेट्रोलची धार लागली होती. मी पोरीला परत घेतलं, यांनी घाईने नळी जोडली, गाडी सुरू झाली. पण आता तोंड उघडं, आणि पुढे नदीच्या पात्रात वाळूवर तुरकाट्या, म्हणजे तुरीच्या वाळल्या काड्या, अंथरून केलेली खडबडीत वाट. पेट्रोल सगळं हिंदकळून सांडलं असतं. डोंगराकडची एक पावरा आदिवासी बाई मोळी घेऊन उभी होती. तिची बोली मला येत नाही, माझी तिला येत नसावी. तिने पोरीकडे पाहिलं, मोळी टाकली, अंगावरच्या फडक्याची कड टर्रकन फाडली, तिचा बोळा करून टाकीच्या तोंडात घट्ट बसवला आणि हातानेच म्हणाली, जा. तिला धन्यवाद म्हणायलाही मी थांबले नाही. आजही देवळात हात जोडले की आधी तिचा चेहरा येतो.

नंदुरबारपर्यंत गाडी एकदाही थांबली नाही. दवाखान्यात पोरीला इंजेक्शन दिलं आणि आम्हाला वऱ्हांड्यात बसायला सांगितलं. आता बघू, एवढंच डॉक्टर म्हणाले. बसवेना म्हणून हे बाजारात जाऊन टाकीला नवं झाकण घेऊन आले, आणि येता येता त्याच्याकडे टक लावून पाहत होते. झाकणाला टाचणी जाईल एवढं एक भोक होतं. पेट्रोल खाली उतरलं की त्या भोकातून तेवढा वारा आत यावा लागतो, नाहीतर पंपाने कितीही ओढलं तरी थेंब येत नाही. आमचं भोक शेंदराने बुजलं होतं. गाडी थांबली की चुकून राहिलेल्या फटीतून वारा हळूहळू शिरायचा आणि ती सुरू व्हायची, नारळाचा काही संबंध नव्हता. कापडाच्या बोळ्यातून मात्र वारा आरामात जात होता. हे सगळं यांनी नवं झाकण हातात फिरवत सांगितलं.

सासऱ्यांनी ते झाकण हातात घेतलं, भोकावरून बोट फिरवलं. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "देवनी फेकं ते. तू नही."

माझ्या अंगाचा पुन्हा तिळपापड! अहो, शेंदूर लावला तोही देवाचा, गाडी बंद पाडली तीही देवाने, आणि जीव तुटून मी झाकण फेकलं तर तेही त्याच्याच नावावर? माझं म्हणून काहीच नाही? तोंडाशी आलेलं उत्तर मी गिळलं, कारण सासऱ्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पण मनातून भांडण चालूच होतं. दिवेलागणीपर्यंत मी त्या वऱ्हांड्यात देवाशी एकटी भांडत बसले, आणि भांडता भांडता एक प्रश्न मलाच पडला. भोकाबिकाचं मला काहीच ठाऊक नव्हतं, मग हात नेमका त्या झाकणाकडे का गेला? मी दगड उचलू शकले असते, डबी फेकू शकले असते. हात माझाच होता, पण त्याला तिकडे वळवलं कोणी?

सकाळी नर्सने आत बोलावलं. रेवाचे ओठ आपल्या रंगावर आले होते. मला पाहिल्याबरोबर ती घोगऱ्या आवाजात, पण भयंकर रागाने म्हणाली, "माय, ती बाईले सांग, परत सुई टोची ते मी तिले चावसू!"

नर्स हसली. मी पलंगाची दांडी धरली आणि तिथेच खाली बसून हंबरडा फोडला. आयुष्यात मी नवऱ्यासमोर हार मानली नव्हती, सासऱ्यांसमोर मनातून कधीच नाही. त्या फरशीवर बसून मात्र मोठ्याने म्हणाले, "बरं रे देवा, तुझंच खरं."