अकरा सेकंद, चौदा पानं

वाचनालयाच्या मागच्या खोलीत एक टेबल आहे. त्याला तीनच धड पाय आहेत आणि चौथ्याखाली शब्दकोशाचा दुसरा खंड घातलेला आहे, कारण पहिला खंड कुणीतरी नेला तो परत आणलाच नाही. त्या टेबलाशी बसून ती एकतीस वर्षं फाटकी पुस्तकं शिवत आली. सगळे तिला बाइंडरबाई म्हणतात. घरी ती भावाच्या मुलीची आत्या आणि वहिनीची वन्सं. हाताला मैद्याची खळ कायमचीच. वहिनी थट्टेनं म्हणायची, वन्संच्या हातून ताट घेतलं की सुटता सुटत नाही.

हे काम तिला तात्यांनी शिकवलं. तात्या तिच्या आधीचे बाइंडर, भयंकर शिस्तीचे. त्यांचा एक नियम होता की बाइंडरनं पुस्तक वाचायचं नाही. वाचायला लागलं की हात थांबतो, आणि खळ कुणासाठी थांबत नाही, वाळून जाते. कागद बघायचा, टाका बघायचा, कड बघायची, मजकूर वाचकांसाठी सोडायचा. तिनं हा नियम इमानेइतबारे पाळला. फक्त एका पुस्तकापुरता मोडला, आणि तो मोडला म्हणून काही बिघडलं नाही. बिघडलं ते पाळला म्हणून. पण ते पुढे येईल.

सिनेमा गाजला की त्यावरून घाईघाईनं एक कादंबरी लिहून घ्यायची, मुखपृष्ठावर नायक-नायिकेचा फोटो छापायचा आणि पंधरा-सोळा वर्षांच्या मुलींच्या गळ्यात मारायची, अशी एक पद्धत आहे. असल्या पुस्तकाकडून कुणी फारशी अपेक्षा ठेवत नाही. लिहिणाऱ्यानंही ठेवली नसावी, कारण मुखपृष्ठावर त्याचं नाव सापडायला भिंग लागतं. तर असं एक पुस्तक बाइंडरबाईच्या टेबलावर आलं तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती. गोष्ट परीकथेतली. नावाड्याची मुलगी, शाप मिळालेला राजपुत्र, तो शाप उतरवायला दूर देशी जातो, ती नदीकाठी सात वर्षं वाट बघते, तो येतो, लग्न, समाप्त. मुलींनी ते इतकं वाचलं की महिन्याभरात त्याचा एक फर्मा, म्हणजे सोळा पानांचा गठ्ठा, सुटून बाहेर आला. तिनं शिवून दिला. पुढच्या महिन्यात तोच फर्मा पुन्हा सुटला. तिसऱ्यांदा तोच हातात आला तेव्हा तिला राहवलं नाही. मुली नेमकं इथेच पुस्तक उघडून धरतात तरी काय, म्हणून तिनं सुई बाजूला ठेवली आणि वाचलं.

त्या फर्म्यात नावाड्याची मुलगी वाट बघत होती. सोळातली चौदा पानं, दुसरं काही नाही. ती जाळी विणते, हाताला भेगा पडतात, बाप म्हातारा होऊन जातो, होडीला गळती लागते. एक दिवस तिला राजपुत्राचा चेहराच आठवत नाही आणि ती घाबरून घरभर आरसा शोधते, जणू तो त्यात राहून गेला असेल. बाइंडरबाईची खळ त्या दिवशी वाळून गेली.

वाचनालयासमोर रस्त्याच्या पलीकडे तेव्हा थिएटर होतं, आणि तिथे तोच सिनेमा चालू होता, चांगला पंचवीस आठवडे. प्रोजेक्टर चालवणारा ऑपरेटर रोज सकाळी वाचनालयात पेपर वाचायला यायचा. एकदा जाहिरातीचे कागद चिकटवायला त्याची खळ संपली म्हणून तो मागच्या खोलीत वाटी घेऊन आला. मग त्याची खळ रोजच संपायला लागली. थिएटरच्या फळ्यावर रोज किती कागद चिकटत असतील याचा हिशेब दोघांनीही कधी काढला नाही.

त्यानं पुस्तक वाचलेलं नव्हतं, तिनं सिनेमा पाहिलेला नव्हता. त्यामुळे भांडायला भरपूर जागा होती. दारात उभा राहून तो सांगायचा की सिनेमात राजवाडा कसा दिसतो, नदीवर दिवे कसे लागतात, आणि ती सुईत दोरा ओवत सांगायची की पुस्तकात राजवाड्याला चार ओळीसुद्धा नाहीत. सिनेमात शेवटी राजपुत्र पांढऱ्या घोड्यावरून येतो, पुस्तकात चिखलातून चालत येतो आणि ती त्या वेळी कपडे वाळत घालत असते. सिनेमात ती म्हणते, मला माहीत होतं तू येशील. पुस्तकात ती त्याला ओळखत नाही आणि विचारते, कोण हवंय? हे ऐकून ऑपरेटरनं हातातली वाटी खाली ठेवली. मग म्हणाला की सात वर्षं थांबूनही आमच्या नायिकेचा निळा झगा मात्र तसाच कोरा असतो, एकदाही धुतल्यासारखा वाटत नाही. दोघं हसली. त्या खोलीत इतकं मोठ्यानं हसू पूर्वी कधी झालं नव्हतं, म्हणून ग्रंथपाल डोकावून गेले.

"या की एकदा बघायला," तो म्हणायचा.

पण म्हणायचा तो असा की पेपर वाचणाऱ्या म्हाताऱ्यालाही तेच म्हणत असेल. घरी आई अंथरुणाला खिळलेली, दुपारी तिला घरी जावं लागे, हे खरंच होतं. पण त्याहून खरं कारण वेगळं होतं. त्यानं नीट विचारावं, तिला एकटीला, म्हणजे नाही म्हणता येणार नाही असं, याची ती वाट बघत होती. माणसानं रोज खळ मागायला यावं आणि एवढं एक वाक्य तोंडातून काढू नये, याचा तिला रागही यायचा.

थिएटर बंद होणार अशी बातमी आली, त्या आठवड्यात ऑपरेटरनं आयुष्यात पहिल्यांदा वाचनालयातून पुस्तक घरी नेलं. हेच पुस्तक. गुरुवारी तो ते काउंटरवर परत करून गेला. त्यानंतर तो दिसला नाही. रविवारी दुपारी ती घरी आईची नखं कापत बसली होती आणि उद्या तो आला की पुस्तकाबद्दल काय म्हणेल याचा विचार करत होती. सोमवारी थिएटरच्या डोअरकीपरनं सांगितलं की ऑपरेटर काल शेवटचा खेळ दाखवून गाव सोडून गेला. एका शब्दानं सांगितलं नाही, तिनं मनात म्हटलं. पुढे वर्षानुवर्षं तिनं हेच वाक्य मनात म्हटलं. स्थळं आली ती परत गेली, आई गेली, आणि वाक्य तेवढं राहिलं.

पुस्तक मात्र तिनं टाकू दिलं नाही. दर काही वर्षांनी जुनी पुस्तकं रद्दीत काढायची वेळ आली की ते ढिगात जायचं आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा कपाटात दिसायचं. ग्रंथपाल बदलले, हा चमत्कार बदलला नाही.

आता गंमत बघा. सत्तावीस वर्षांनी तो सिनेमा मुलींना पुन्हा आवडायला लागला. मोबाइलवर त्यातले तुकडे फिरायला लागले, आणि वाचनालयातल्या मुलींच्या गटानं ठरवलं की शनिवारी दुपारी सभागृहाच्या भिंतीवर सिनेमा लावायचा आणि मग चर्चा करायची: पुस्तक चांगलं की सिनेमा? सिनेमाच्या बाजूनं बोलणार होती तिची भाची, वय सोळा, जीभ तिखट. गुरुवारी तिनं ते एकुलतं एक पुस्तक आत्याच्या टेबलावर आपटलं आणि म्हणाली की शनिवारपर्यंत धड करून दे, नाहीतर मुली त्याची पानं वाटून घेतील.

शुक्रवारी बाइंडरबाईनं ते उघडलं. फर्मा पुन्हा ढिला झाला होता, तो शिवला. मागच्या पुठ्ठ्यावरचं अस्तर, म्हणजे आतल्या बाजूनं चिकटवलेला कोरा कागद, पिवळा पडून फुगला होता. ते तिनंच लावलेलं, आपल्या हातची कड तिला ओळखू आली. ओल्या फडक्यानं भिजवून तिनं ते सोडवायला घेतलं. कागद सुटत गेला तसं खाली पुठ्ठ्यावर पेन्सिलीचं अक्षर दिसायला लागलं. तिला आधी वाटलं जुन्या कारखान्याचा काही आकडा असेल. मग चष्मा पुसला.

"बाइंडरबाई, सिनेमात ती वाट बघते ते अकरा सेकंद. मी घड्याळ लावून मोजले. झाडाची पानं गळतात, परत येतात, की घोडा आलाच. पुस्तकात चौदा पानं आहेत. पुस्तक खरं आहे. रविवारी तीनचा खेळ शेवटचा. बाल्कनीत शेवटच्या ओळीत कोपऱ्याची खुर्ची तुमच्यासाठी ठेवतो. तुम्ही आलात तर मी जाणार नाही. हे अस्तर मीच सोडवलं आहे. इथे तुमच्याशिवाय कुणी बघत नाही, म्हणून इथे लिहिलं."

तिनं ते पुन्हा एकदा वाचलं. मग एकेक करून सगळं आठवलं. त्यानं पुस्तक परत केलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी, वर्षअखेरची मोजदाद होती आणि चाळीस पुस्तकं, त्यात हेही, एका दमात अस्तर लावून द्यायची होती. तिनं चाळीस पुठ्ठे ओळीनं उघडून ठेवले, ब्रश बुडवला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत खळ फिरवत गेली. अस्तर लावताना बाइंडरची नजर पुठ्ठ्यावर नसते, कागदाच्या कडेवर असते. तात्यांनी तसंच शिकवलं होतं. त्यानं नीट विचारलं होतं, तिला एकटीला, आणि तिनं स्वतःच्या हातानं त्यावर खळ फासून वरून कागद दाबून बसवला होता. तो तिथे अंधाऱ्या केबिनमधून एक रिकामी खुर्ची बघत बसला असेल, आणि इकडे ती सत्तावीस वर्षं त्याच्यावर रागावून होती. तिला रडू आलं. खोलीत कुणी नव्हतं, म्हणून तिनं ते आवरलं नाही.

ऑपरेटर कुठे आहे ते तिला माहीत होतं. डोअरकीपर अजून पेपर वाचायला यायचा, त्यानं मागेच सांगितलं होतं. दूरच्या गावात त्याचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान, ते आता मुलगा बघतो, एक नात आहे, माणूस मजेत आहे. मजेत असलेल्या माणसाला आता काय कळवायचं? तिनं नवं अस्तर कापलं, आणि खळ लावली ती फक्त वरच्या कडेला, बोटभर. कागद पडद्यासारखा वर उचलता येत होता. तात्यांनी पाहिलं असतं तर असल्या कामाला हातावर पट्टी मारली असती.

शनिवारी तिनं सिनेमा पाहिला, पहिल्यांदाच. राजवाडा त्यानं सांगितला होता तसाच होता. नदीवरचे दिवे तर तिला इतके ओळखीचे वाटले की पुढचा कुठे लागणार तेही ठाऊक होतं. मग नावाड्याची मुलगी खिडकीत येऊन उभी राहिली. बाइंडरबाईनं ओठातल्या ओठात मोजायला सुरुवात केली. पानं गळली, बर्फ पडलं, पानं आली. अकरा म्हणायच्या आत टापा ऐकू आल्या, आणि मुलींनी टाळ्या वाजवल्या.

चर्चेत भाचीनं पुस्तकाची साल काढली. तिचं म्हणणं असं की लेखकाला पानं भरायची होती म्हणून त्यानं ते वाट बघणं ताणलंय. जाळी विणते, जाळी विणते, पुन्हा जाळीच विणते. सिनेमावाल्यांनी तेच क्षणात सांगितलं. मुली हसल्या. मग कुणीतरी म्हणालं की बाइंडरबाईंनी हे पुस्तक इतक्यांदा शिवलंय, त्यांनाही विचारा.

ती उठून उभी राहिली. सभेत बोलायची सवय नव्हती, हात पदराला पुसत राहिली. "सिनेमात तिनं वाट बघितलेली आपल्याला दिसते," ती म्हणाली. "पुस्तकात आपल्यालाच बघावी लागते. एवढाच फरक आहे."

"पण आत्या, येतो तर तो दोन्हीकडे," भाची म्हणाली.

"हो," ती म्हणाली, "दोन्हीकडे येतो." आणि खाली बसली.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर तिनं कपाटातली चांगली साडी काढली. वहिनीनं विचारलं, वन्सं कुठे निघालात, तर म्हणाली जरा जाऊन येते. थिएटरच्या जागी आता फर्निचरचं दुकान आहे. पडदा होता तिथे गाद्या उभ्या करून ठेवल्यात, पण बाल्कनीच्या पायऱ्या तशाच आहेत आणि वर खुर्च्या मांडल्यात, जेवणाच्या, ऑफिसच्या, झुलत्या. ती कठड्याला धरून चढली. अगदी मागे, कोपऱ्यात, प्लास्टिकचं वेष्टण न काढलेली एक साधी खुर्ची होती. तिच्या डोक्यावर भिंतीत दोन चौकोनी भोकं विटांनी बुजवलेली दिसत होती. तिथून प्रकाश यायचा, हे त्यानंच कधीतरी सांगितलं होतं. ती त्या खुर्चीवर बसली. खालच्या घड्याळात तीन वाजत होते.

बऱ्याच वेळानं दुकानातला विक्रेता वर आला. ही बाई किंमत विचारत नाही, उठत नाही, समोरच्या गाद्यांकडे नुसती बघते आहे, हे पाहून तो अदबीनं म्हणाला, "मावशी, कुणी यायचंय का?"

"नाही हो," ती म्हणाली. "मीच यायची होते."